60 टक्के पाटी आणि आत्तीचे डोळे

आत्तीला दिलंय चंदगड तालुक्यात. कागदावर तो महाराष्ट्र, पण दवाखाना म्हटला की त्या भागातली माणसं बेळगावच्याच बसमध्ये चढतात. गेल्या पावसाळ्यात तिची साखर तपासायची होती म्हणून शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलो. रक्त उपाशीपोटी द्यायचं होतं. तिला दारात उतरवलं, "रक्ताच्या खोलीसमोर बस, गाडी लावून आलोच" म्हटलं आणि जागा शोधत फिरलो. जागा मिळून, केसपेपर काढून वर यायला पाऊण तास गेला. येऊन बघतो तर आत्ती एक्स-रेच्या दारासमोर, पिशवी मांडीवर घेऊन निवांत बसलेली. रक्ताची खोली चार दारं पलीकडे, आणि तिथल्या बाईंनी सकाळचं काम आवरत आणलेलं.

मी चिडलो. "आत्ती, डोक्यावर एवढा मोठा बोर्ड आहे की!"

"आहे की. बघितला. जिलब्या काढल्यात त्यावर."

वर बघितलं. मोठ्या अक्षरांत कन्नड, त्याखाली बारीक इंग्रजी. मराठी नव्हतं. आत्ती चौथीपर्यंत शिकलेली आहे. श्रावणात पोथी वाचते, नातवाच्या शाळेची चिठ्ठी वाचते, रेशनच्या पावतीवरची चूक दुकानदाराला दाखवून देते. तिला निरक्षर कोण म्हणेल? पण त्या कॉरिडॉरमध्ये ती पाऊण तास निरक्षरच होती.

दवाखान्यावरचा राग गाडीपर्यंत जाईस्तोवर उतरला. राहिलं ते वेगळंच. त्या कॉरिडॉरमधून मी आजवर पन्नासदा तरी गेलो असेन. बेळगावात वाढलो, शाळेत कन्नड होतं, वाचता येतं. 1 नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, सीमाभागातली मराठी माणसं पाळतात त्या काळ्या दिनाच्या सायकल फेरीत गेलेला माणूस मी, मराठी फलकांसाठी घसा बसेपर्यंत ओरडलेला. आणि त्या पाटीवर मराठी नाही, हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

का आलं नव्हतं, याचं उत्तर मला डोळ्याच्या आणि मेंदूच्या शास्त्रात सापडलं. ते सापडल्यापासून आमच्या भागातला फलकांचा वाद मला पूर्वीसारखा दिसत नाही.

वाद काय आहे ते इथल्या माणसाला सांगायला नको. 2022 च्या कन्नड भाषा सर्वंकष विकास कायद्यात 2024 साली दुरुस्ती झाली आणि दुकानं-आस्थापनांच्या पाटीवर 60 टक्के जागा कन्नडला द्यायची असं ठरलं. सीमेपलीकडे महाराष्ट्रानं 2022 मध्येच दुकानांच्या पाट्या देवनागरीत हव्यात आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत, असा नियम केला होता. तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि व्यापाऱ्यांना नोव्हेंबर 2023 ची मुदत मिळाली. म्हणजे महाराष्ट्रातल्या जतमधला कन्नड माणूस आणि कर्नाटकातल्या खानापुरातला मराठी माणूस, दोघांच्याही डोक्यावर टेप घेऊन कुणीतरी उभं आहे. त्याआधी जुलै 2014 मध्ये बेळगावजवळच्या येळ्ळूरचा 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला फलक न्यायालयाच्या आदेशानं हटवला गेला, आणि पाठोपाठ गावात लाठीमार झाला. एका पाटीपायी माणसांनी पाठीवर वळ घेतले. ते मी विसरलेलो नाही आणि इथं हलक्यात घेत नाही.

पण या सगळ्यात एक प्रश्न कुणीच विचारत नाही: पाटी वाचताना डोळा आणि मेंदू नेमकं काय करतात? टक्के पाटीचे मोजले जातात. वाचणाऱ्याचं माप कुणी घेत नाही.

आपली समजूत अशी असते की डोळा म्हणजे कॅमेरा. समोरचं सगळं त्यात उतरतं आणि मेंदू ते बघतो. तसं नाही. डोळ्याच्या पडद्यावर उजेड टिपणाऱ्या साधारण 12 कोटी दंडपेशी आणि 60 लाख शंकूपेशी असतात, पण तिथून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत तंतू असतात अवघे 10 लाखांच्या आसपास. एवढ्या माहितीची एवढ्याशा वाटेनं ने-आण करायची तर डोळ्यालाच आधी निवड करावी लागते. त्यातही बारकावा दिसतो तो पडद्याच्या मधल्या खळग्यावर. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे बघा. त्या नखाएवढीच जागा आपल्याला खरी स्पष्ट दिसते, बाकीचं अंधूक असतं. ते तसं जाणवत नाही, कारण डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारतो आणि मधल्या जागा मेंदू आपल्या पदरचं घालून भरतो.

हे पदरचं काय असतं, तीच खरी गंमत. 1950 च्या दशकाच्या अखेरीस डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल हे दोघे मांजरीच्या मेंदूतल्या एकेका पेशीला तार लावून तिला ठिपके दाखवत होते. पेशी काही बोलेना. तासन्‌तास गेले. मग काचेची पट्टी यंत्रात सरकवताना पेशी अचानक तडतडायला लागली. तिला ठिपक्याचं काही नव्हतं. सरकत्या काचेच्या कडेची सावली विशिष्ट तिरकेपणानं पडली, तेवढ्याला ती जागी झाली होती. मेंदू चित्र घेत नाही, आधी कडा घेतो, हे त्यातून कळलं. आडव्या रेघेला वेगळ्या पेशी, तिरप्या रेघेला वेगळ्या. पुढं 1981 चं नोबेल त्यांना मिळालं. आडवी शिरोरेखा असलेली देवनागरी आणि वळणावळणाची कन्नड, दोन्ही मेंदूत शिरतात त्या आधी अशाच कडांचे तुकडे होऊन. त्या पायरीला कुणाची मातृभाषा कोणती, याला अर्थ नसतो.

अर्थ येतो पुढच्या पायरीला. 1892 साली पॅरिसच्या देजेरीन नावाच्या डॉक्टरांनी एका रुग्णाची हकिगत प्रसिद्ध केली. शिकलासवरलेला गृहस्थ, मेंदूला झटका आला आणि एकाएकी वाचता येईनासं झालं. दृष्टी शाबूत, बोलणं शाबूत. गंमत म्हणजे लिहिताही येत होतं, पण स्वतः लिहिलेलं वाचता येईना. अक्षरं दिसायची, पण वस्तूंसारखी. रोमन लिपीतला 'ए' त्याला चित्रकाराच्या घोडीसारखा दिसे, 'झेड' सापासारखा, 'पी' पट्ट्याच्या बकलासारखा.

हे वाचलं तेव्हा मला आत्तीची जिलबी आठवली. कन्नड लिपीला जिलबी म्हणायची आमच्याकडे जुनी खोड आहे, आणि त्यात टिंगल असते हे कबूल केलं पाहिजे. (कॉलेजातला माझा कन्नड मित्र उलट म्हणायचा, तुमची लिपी म्हणजे दोरीवर वाळत घातलेली धुणी. अगदीच चुकीचं नाही.) पण आत्ती टिंगल करत नव्हती. देजेरीनच्या रुग्णासारखंच ती जे दिसत होतं ते सांगत होती.

देजेरीनच्या रुग्णाचा मेंदू जिथं बिघडला होता, त्याच्या आसपासची नेमकी जागा अलीकडे सापडली. मेंदूच्या डाव्या बाजूला, मागून खालच्या अंगाला एक लहानसा पट्टा आहे, जो वाचायला शिकलेल्या माणसात अक्षरं दिसताच जागा होतो. स्तानिस्लास देहाने आणि लोरॉं कोएन यांनी 2000 च्या सुमारास त्यावर बरंच काम केलं. या जागेची मौज अशी की ती कुणाच्याच मेंदूत जन्मतः वाचनासाठी नसते. लिपी जेमतेम पाच हजार वर्षांची, तेवढ्यात मेंदूत नवा अवयव कुठून फुटणार? वस्तू आणि आकार ओळखणारी जागाच आपण शाळेत बसून अक्षरांना लावतो. आणि चिनी असो, हिब्रू असो, रोमन असो, जगभर ही जागा जवळपास तिथंच सापडते. कन्नड वाचणाऱ्याच्या आणि मराठी वाचणाऱ्याच्या डोक्यात ती जागा एकच. तिथं काय भरलंय, एवढाच फरक.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. आत्तीला ते दिसलं नाही हे समजलं. पण मला उणीव का दिसली नाही?

1935 साली जॉन रिडली स्ट्रूप यांनी एक साधा प्रयोग केला. तो घरी करून बघता येतो. हिरव्या पेनानं 'तांबडा' लिहा, निळ्यानं 'पिवळा', तांबड्यानं 'हिरवा', अशी दहा-बारा शब्दांची ओळ करा आणि कुणालातरी सांगा की शब्द वाचू नको, शाईचा रंग तेवढा भराभर सांग. माणूस अडखळतो. डोक्यात रंग यायच्या आत शब्द वाचून झालेला असतो. वाचता येणाऱ्याला न वाचणं जमत नाही. नळ एकदा सुटला की बंद करायची चावीच नसते. मग हाच प्रयोग कन्नडमध्ये लिहून आत्तीला द्या. ती पटापटा सगळे रंग सांगेल, एकदाही न अडखळता.

कॉरिडॉरमधल्या त्या पाटीचं माझ्या बाबतीत हेच झालं होतं. माझी नजर कन्नड ओळीवर गेली, अर्थ मिळाला, काम झालं. मेंदू पुढं गेला. आणखी काही नाही, हे बघायला तो थांबलाच नाही. लक्ष एकीकडे गुंतलं की समोरची ढळढळीत गोष्ट दिसत नाही, हे डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्रीस यांनी 1999 मध्ये दाखवलं. चेंडूचे पास मोजायला बसवलेल्या प्रेक्षकांपैकी जवळपास निम्म्यांना मधोमध येऊन छाती बडवून गेलेला गोरिलाच्या वेषातला माणूस दिसला नाही. 2013 मध्ये हाच खेळ तज्ज्ञांवर झाला. 24 रेडिओलॉजिस्टना फुप्फुसाच्या स्कॅनमध्ये गाठी शोधायला सांगितल्या आणि त्या स्कॅनमध्ये गाठीच्या 48 पट मोठा गोरिला चिकटवला. 24 पैकी 20 जणांना तो दिसला नाही. त्यातल्या बहुतेकांची नजर त्याच्यावरून गेली होती, तरीही.

माझं म्हणणं एवढंच आहे. पाटी लावणारा, पाटी मंजूर करणारा, टेप लावून टक्के मोजणारा आणि रस्त्यावर उतरून पाटीसाठी भांडणारा, हे सगळे जण बहुधा ती लिपी वाचता येणारे असतात. म्हणून पाटी कुणाला दिसत नाही हे ठरवायला ते सगळ्यात नालायक साक्षीदार आहेत. मी धरून. विधानसौधात बसलेल्या कन्नड अधिकाऱ्याला मी दुष्ट म्हणणार नाही. आत्तीला काय दिसतं ते त्याला दिसूच शकत नाही, कारण कन्नड न वाचणं त्याच्या हातात नाही. आणि हेच आमच्या गावांतल्या मराठी मंडळींना लागू आहे. सुगीला बैलहोंगल, सौंदत्तीकडून येणारी कन्नड मजूर माणसं, वडगावच्या मागांवर काम करणारी कन्नड पोरं, यांना आमच्या गल्लीतला नुसता मराठी फलक धुण्याच्या दोरीसारखाच दिसतो. आम्हाला त्याची कधी आठवण झालीय?

म्हणून माझा आग्रह असा की फलकांची दोन भांडी वेगळी करावीत. एक अभिमानाचे फलक: गावाची कमान, मंडळाचं नाव, दुकानाची पाटी. तिथं भाषा ही ओळख असते आणि ओळखीवर माणसं भांडणारच. तो वाद राजकारणानं आणि न्यायालयानं सोडवावा. 2004 पासून सीमाप्रश्नाचा दावा दिल्लीत सर्वोच्च न्यायालयात पडून आहे, तो चालू दे. दुसरे कामाचे फलक: दवाखान्याचं दार, बसचं कपाळ, तहसील कार्यालयाची खिडकी, रेल्वे फाटक, विजेच्या डीपीवरचा इशारा, चोर्ला घाटातल्या वळणाची सूचना, औषधाच्या काउंटरवरची रांग. इथं टक्क्यांचा कायदा लावूच नये. इथं कसोटी एकच असावी: ज्याच्यासाठी पाटी आहे त्याला ती लागेल तेवढ्या अंतरावरून, मिळेल तेवढ्या वेळात वाचता येते का?

हे मोजता येतं. नेत्रतपासणीच्या तक्त्यावर 6/6 ची ओळ जेमतेम 9 मिलिमीटर उंचीची असते, ती 6 मीटरवरून वाचता आली की नजर चांगली. त्या हिशेबानं 15 मीटर लांबीच्या कॉरिडॉरच्या टोकाची पाटी चांगल्या नजरेला 2 सेंटिमीटरच्या अक्षरांत कशीबशी वाचता येईल. पण दवाखान्यात येतो तो मोतीबिंदूवाला, साखरवाला. 6/18 नजरेच्या माणसाला, म्हणजे चांगल्या नजरेला 18 मीटरवरून दिसतं ते ज्याला 6 मीटरवरून दिसतं त्याला, त्याच अंतरावर साडेसहा सेंटिमीटर लागेल. शिवाय तक्त्यावरची अक्षरं सोप्या रोमन धाटणीची. आपल्या दोन्ही लिपींत अक्षराच्या डोक्यावर वेलांटी-मात्रा असतात, मराठीत पायाशी उकार, तर कन्नडमध्ये जोडाक्षराचं दुसरं अक्षर खाली उतरतं. ओळीची उंची तेवढीच ठेवली तर मूळ अक्षराचं अंग रोमनपेक्षा लहान होतं. म्हणून इंग्रजीच्या मापानं पाटी आखली की कन्नड आणि मराठी दोघांचंही नुकसान. हे कुणी बोलत नाही. 60 टक्के पाटी मिळाली म्हणून खूश असलेल्या माणसानं त्या 60 टक्क्यांत चार ओळी कोंबलेल्या असल्या तर त्याला मिळालं काय?

कोंबण्याचं शास्त्रही आहे. या ओळीच्या पहिल्या शब्दावर नजर रोवा आणि ती न हलवता त्याच ओळीतला चौथा-पाचवा शब्द वाचायचा प्रयत्न करा. तिथं काहीतरी आहे हे कळतं, पण अक्षरं एकमेकांत मिसळतात. एकटं अक्षर असतं तर ओळखू आलं असतं. शेजाऱ्यांच्या दाटीत ते हरवतं. 1970 मध्ये हर्मन बाऊमा यांनी याचं मोजमाप सांगितलं: नजरेच्या केंद्रापासून अक्षर जितकं दूर, त्याच्या साधारण निम्मं अंतर त्याच्या भोवती मोकळं हवं, नाहीतर ओळख बुडते. अक्षर मोठं करून हे सुटत नाही, मोकळी जागा द्यावी लागते. गणपत गल्लीत उभं राहून दुकानांच्या पाट्या बघा: नाव, मालक, शाखा, फोन, दोन देव, तीन लिप्या, आणि वर कुणाचा तरी वाढदिवस. कायद्यानं 60 टक्के कन्नडला गेल्यावर उरलेल्या 40 मध्ये बाकी सगळं आवळून बसवलेलं. मोकळ्या जागेचा टक्का कुठल्याच कायद्यात नाही. माझ्या हातात असतं तर तो पहिला घातला असता.

रंगाचं तर विचारूच नका. कन्नड संघटनांना हळद-कुंकवाचा पिवळा-लाल हवा, आमच्या मंडळींना भगवा. बारकावा वाचताना मेंदू रंगापेक्षा उजेड-अंधाराच्या फरकावर जास्त विसंबतो. भगव्यावर पिवळी अक्षरं काढली की दोन्ही रंगांचा उजळपणा जवळपास, आणि अक्षराची कड विरघळते. साठी ओलांडलेल्या माणसाच्या डोळ्यातल्या पडद्यापर्यंत विशीतल्या पोराच्या मानानं साधारण तिसरा हिस्साच उजेड पोचतो, त्याला तर ते भगवं-पिवळं सगळं एकच. पिवळ्यावर काळं, म्हणजे रेल्वे स्टेशनवरची पाटी, शंभर हिश्शांनी बरी. आणि रेल्वेचा आणखी एक गुण: स्टेशनचं नाव आधी राज्याच्या भाषेत, मग हिंदीत, मग इंग्रजीत, हा क्रम ठरलेला. नजर कुठं टाकायची ते आधीच माहीत असतं. बेळगाव स्टेशनात आमच्या म्हाताऱ्यांना गावाचं नाव वाचता येतं ते त्या हिंदीच्या कृपेनं. देवनागरी मागच्या दारानं आली, पण आली.

पुणे-बंगळुरू महामार्गावर निपाणीपाशी ताशी 100 किलोमीटरनं जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ 28 मीटर कापते. पाटी दिसल्यापासून वळण येईस्तोवर समजा चार सेकंद मिळाली. त्यात डोळ्याच्या बारा-पंधरा उड्या होतात. त्यातल्या निम्म्या रस्त्यावर आणि आरशात जाणार, जायलाच हव्यात. उरलेल्यांत आपली लिपी शोधायची, नाव वाचायचं, ठरवायचं. तिथं सगळ्या पाट्यांवर लिप्यांचा क्रम एकच असणं, हे भाषाभिमानापेक्षा कितीतरी मोलाचं.

यावर पहिला सवाल ठरलेला: कर्नाटकात राहता, मग कन्नड शिका की. बरोबर आहे, शिकायलाच हवं. 2015 च्या कन्नड अध्ययन कायद्यानं राज्यातल्या शाळांत पहिलीपासून टप्प्याटप्प्यानं कन्नड आलं, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. आमच्या मराठी शाळांतल्या पोरांनी ती लिपी सहाव्या-सातव्या वर्षीच डोळ्यात भरून घेतली तर त्यांचंच भलं आहे. लहानपणी शिकलेली लिपी आपोआप वाचली जाते. मोठेपणी शिकलेली बहुधा अक्षराला अक्षर जोडत वाचावी लागते. म्हणून मोठ्यांनी शिकूच नये असं नाही. 2017 मध्ये लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांवरचा, त्यात मुख्यतः बायकांवरचा, अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा महिने देवनागरी शिकवल्यावर त्यांच्या मेंदूच्या अगदी आतल्या, थॅलॅमस आणि मेंदूखोडापर्यंतच्या जोडण्या बदललेल्या दिसल्या. तिशीतला मेंदूही वळतो. पण सत्तरीतल्या आत्तीला साखर तपासायला जाण्याआधी सहा महिन्यांचा वर्ग लावा, असं सांगणाऱ्याला काय म्हणावं? आणि ती कर्नाटकातली नाहीच. चंदगड-आजऱ्याची, दोडामार्गची माणसं बेळगावात दवाखान्याला येतात, पैसे मोजून जातात. त्यांनी कुठली लिपी शिकून यायची?

दुसरा सवाल आमच्याच बाजूनं येतो: कामाचे-अभिमानाचे असे फलक वेगळे केलेत तर लढ्याची धार जाईल. मला हे कळतं. पण ज्या लढ्याला धार टिकवण्यासाठी आत्तीचं एक्स-रेच्या दारासमोर बसणं लागतं, त्या लढ्यानं आपली धार दुसरीकडे शोधावी. आणि मागायचंच असेल तर मागणीला आधार जुनाच आहे. ज्या जिल्ह्यात किंवा तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांवर आहेत, तिथं महत्त्वाचे नियम आणि सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असं देशपातळीवर दशकांपूर्वी मान्य झालेलं आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीला ते लागू पडतं, आणि तितक्याच न्यायानं पलीकडे जत, अक्कलकोटच्या कन्नड माणसाला. आम्ही इथं मागतो ते तिथं द्यायला तयार आहोत का, हे आम्हालाच विचारून बघायला हवं. मी विचारून बघितलं आहे. बैठकीत जरा शांतता पसरली.

नुसती चित्रं लावा, भाषेचं भांडणच नको, असंही सुचवलं जातं. वळणाच्या बाणाला ते चालतं. रक्ताच्या खोलीवर थेंबाचं चित्र काढलं तर आत्ती त्याला तेल म्हणेल, पाणी म्हणेल. चित्रसुद्धा शिकावं लागतं. त्यापेक्षा आकडा बरा. देजेरीनच्या त्या रुग्णाचं वाचन गेलं तरी आकडे त्याला वाचता येत होते, मेंदूत त्यांची वाट वेगळी. आपल्याकडे फोन, नोटा आणि कॅलेंडरच्या पुण्याईनं पोथीवाली म्हातारीसुद्धा इंग्रजी 7 ओळखते. दारावर हातभर मोठा आकडा आणि केसपेपरवर तोच आकडा. यात कुठल्या सरकारची मान खाली जाते?

आणि पाटी लावण्याआधी एक परीक्षा घ्यावी. ती लिपी न येणारी दहा माणसं बोलवायची, हातात कागद द्यायचा, सांगायचं रक्ताची खोली शोधा. किती जण चुकीच्या दारात गेले ते मोजायचं. अधिकारी, कार्यकर्ते आणि माझ्यासारखे लेखक त्या वेळी बाहेर चहाला.

श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी 'श्रीचावुण्डराजें करवियलें' कोरलंय, हे आम्ही मराठी माणसं छाती फुगवून सांगतो. दक्षिण कर्नाटकात इतकं जुनं मराठी! तिथं गेलो तेव्हा बघितलं, तीच गोष्ट शेजारी कन्नडमध्येही आहे आणि तमिळमध्येही. मूर्ती करवली कुणी, हे सांगणारा तो उघड अभिमानाचा फलक. तरी कोरवणाऱ्यांना डोंगर चढून कोण येणार आणि त्यातल्या कुणाला काय वाचता येणार, याचा अंदाज होता. टक्के कुणी मोजले असतील असं काही वाटत नाही.

त्या दवाखान्याला मी अर्ज दिला. कन्नडमध्ये लिहिला, म्हणजे तो वाचला तरी जाईल. प्रत्येक दारावर मोठा आकडा आणि कन्नडखाली मराठीची एक ओळ, एवढंच मागितलं. तिथल्या गृहस्थांनी उभ्या उभ्या वाचला, मान हलवली आणि मराठीतच म्हणाले, "नंबर घालतो हो, त्याला काय. मराठीचं वर विचारावं लागतंय."

गेल्या महिन्यात आत्तीला पुन्हा घेऊन गेलो. रक्ताच्या दारावर 7 आलाय, पांढऱ्यावर काळा, लांबून दिसतो. त्याखाली कन्नड, त्याखाली इंग्रजी. आत्ती थेट तिथं जाऊन बसली आणि शेजारच्या खानापूरच्या बाईला सांगायला लागली, "साताच्या दारात जायचं गा, बाकी बघायचं नाही." इंग्रजीच्या खाली बोटभर जागा मोकळी सोडलीय. कशासाठी, ते विचारलं नाही.